अठरा मिनिटं

हॅलिफॅक्सला धुकं खालून वर चढतं,
माझ्यासारखंच, दम खात.
तेवीस पायऱ्या, मग लाल दार,
दाराशी किल्लीची पेटी, तिचा आकडा मला पाठ.
आत मिस्टर ऍक्रॉइड,
एक मोजा पायात, दुसरा हातात,
माझी वाट बघत बसलेले.

कागदावर त्यांच्या नावापुढे अर्धा तास.
मी द्यायची अठरा मिनिटं.
पाय पुसायचे, गोळ्या, एक टोस्ट, चहा,
आणि फोनवर बोट दाबायचं:
आले आठला, निघाले साडेआठला.
उरलेली बारा मी बसथांब्यावर खायची,
डब्यातल्या चपातीबरोबर.

कुणी विचारलं नाही.
त्यांना वाटायचं, घड्याळच पुढे पळतंय.
म्हणायचे, विनी गेल्यापासून
त्याला नीट चावी देणारं कुणी नाही.

मग तू बोललास.
मेघगर्जना वगैरे काही नाही.
मी भांडी घासत होते, नळ चालू होता,
आणि एवढंच:
जा आणि सांग.

प्रभू, मी तुला काय काय देऊ केलं!
दशांशावर वीस पौंड जास्त.
बुधवारचा उपास, तोही बिनचहाचा.
चॅपलमधल्या खुर्च्या मांडल्या, उचलल्या, पुसल्या.
गीत इतकं मोठ्यानं म्हटलं
की ऑर्गनवरच्या मिसेस सटक्लिफनी मान वळवून पाहिलं.
जालन्याच्या धाकट्या जावेला तर
फोनवर तासभर आज्ञापालन शिकवलं,
वचनं काढून, चष्मा लावून.
तू सगळं ऐकून घेतलंस.
आणि पुन्हा नळाच्या आवाजाखालून तेच.

माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर.
एकदा पुडी बांधताना काटा जरासा वर राहिला.
मी म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय?
त्यांनी बांधलेली पुडी सोडली.
रागावले नाहीत.
म्हणाले, डॉक्टरांनी लिहिलंय ना, सुवार्ता?
मग आपण उदार व्हायचं नाही, कंजूषही नाही.
लिहिलंय तेवढं द्यायचं.
मी तेव्हा सात वर्षांची.
आता एक्कावन्न, आणि ती पुडी
अजून माझ्यापुढे सुटीच पडलीय.

गुरुवारी गेले.
खाली केस कापायचं दुकान, वर आमचं ऑफिस.
लिंझीनं अर्धं सँडविच खाली ठेवलं.
मी हिशेब लिहून नेला होता:
दोनशे चाळीस भेटी, अठ्ठेचाळीस तास.
सौम्य शब्द इंग्रजीत आठवेना,
म्हणून म्हटलं, चोरले.
ती बघतच राहिली.
म्हणाली, लव्ह, सगळेच करतात.
मग उठून दार लावलं.
मग कपाटात फॉर्म शोधू लागली.
तक्रारीचा होता, अपघाताचा होता,
स्वतःहून सांगायला आलेल्या माणसाचा
फॉर्मच नव्हता.

निकाल यायचाय.
सोमवारपर्यंत भेटी माझ्याच, पुढचं माहीत नाही,
आणि भाडं एक तारखेला.
मला वाटलं होतं, तुझं ऐकलं की हलकं वाटतं.
तसं काही नाही. पोटात गोळा आहे.
फक्त भांडी घासताना आता
नळाचा नुसता नळासारखा आवाज येतो.

मिस्टर ऍक्रॉइडनाही सांगितलं, आज सकाळी,
गुडघ्यावर बसून, त्यांचा मोजा चढवता चढवता.
त्यांना ऐकू आलं नाही.
म्हणून पुन्हा सांगावं लागलं, ओरडून,
शेजाऱ्यांच्या भिंतीपर्यंत जाईल असं.
ते गप्प.
चहाचा कप बशीत दोनदा वाजला.
मग त्यांनी विनीच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं
काठीनं खाली ढकलली.
म्हणाले, मग बस.

सव्वीस मिनिटं झाली होती.
मी कोट काढला
आणि बसले.